राष्ट्रगीताच्या आधी पोचायचं की नंतर?

२४ जून २०१८, रविवार. आयर्लंडच्या मोनाहन काउंटीतलं क्लोनिस हे टेकडीवर वसलेलं छोटं गाव. उत्तर आयर्लंडची सीमा इथून अगदी हाकेच्या अंतरावर. एरवी शांत असणारं हे गाव अल्स्टर प्रांताच्या गेलिक फुटबॉलची फायनल असली की माणसांनी फुलून जातं. त्या दिवशीही तसंच होतं. मॅचआधी दोन्ही संघ बँडच्या मागोमाग मैदानाला फेरी मारतात, मग सगळे झेंड्याकडे तोंड करून उभे राहतात आणि आयर्लंडचं राष्ट्रगीत सुरू होतं. झेंडा हिरवा, पांढरा आणि नारिंगी. आपल्याच रंगांचा म्हणा, फक्त पट्टे उभे. ह्या गीताची शेवटची ओळ मैदानात सहसा ऐकू येत नाही, कारण ती यायच्या आतच स्टँडमधून आरोळ्या उठतात.

त्या गर्दीत पाहुण्यांच्या रांगेत अर्लीन फॉस्टर होत्या, उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी ह्या ब्रिटनवादी पक्षाच्या नेत्या. राष्ट्रगीत सुरू झालं, तशा त्या उभ्या राहिल्या. बातमी एवढीच. पण ही एवढीशी बातमी आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या सगळ्या मोठ्या वर्तमानपत्रांत झळकली.

आपल्याकडे तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला आमदार आले, तर प्रेक्षक घड्याळाकडे बघतात, कारण आता भाषण होणार आणि फायनल तासभर लांबणार. तिथे मात्र एक राजकारणी बाई मॅचला आल्या, गाणं वाजल्यावर उभ्या राहिल्या, काही न बोलता मॅच बघून घरी गेल्या, आणि लोक त्याला ऐतिहासिक म्हणाले. हे नीट कळायला आधी खेळ, मग माणसं आणि मग जुन्या जखमा, ह्याच क्रमाने जावं लागेल.

आधी खेळ

गेलिक फुटबॉल हा सॉकर आणि रग्बी ह्यांच्या मधला कुठलासा प्रकार आहे, असं बाहेरचे लोक म्हणतात. तिथल्या माणसासमोर असं म्हणू नये. चेंडू गोल, साधारण व्हॉलीबॉलएवढा. एका बाजूला १५ खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त पळायचं नाही. मग तो जमिनीवर आपटा, पायाच्या चवड्यावरून उडवून परत हातात घ्या, लाथ मारा, नाहीतर मुठीने किंवा तळहाताने दुसऱ्याकडे ढकला. जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलायचा नाही, आधी बुटाच्या टोकाने वर घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी 'एच' अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण मिळतात. त्यावरून घराघरात वाद झाले, पण तो आजचा विषय नाही.)

गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. क्लोनिसच्या त्या फायनलचा निकाल होता डोनेगॉल २-१८, फर्माना ०-१२. म्हणजे डोनेगॉलचे दोन गोल आणि १८ गुण, एकूण २४. फर्मानाचे १२. बरोबर दुप्पट. अल्स्टरच्या नऊ काउंटींपैकी एकदाही प्रांताचा कप जिंकला नव्हता अशी एकच, ती म्हणजे फर्माना. फॉस्टर बाई ह्याच फर्मानाच्या. हा तपशील महत्त्वाचा आहे, त्याकडे पुन्हा येऊ.

दुसरी गोष्ट पैशाची. ह्या खेळात खेळाडूला पगार नसतो. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२,३०० लोकांसमोर ऑल-आयर्लंड फायनल खेळणारा पोरगा एरवी शाळेत गणित शिकवत असतो, नाहीतर गाईंचं दूध काढत असतो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. ज्या गावात, ज्या चर्चच्या हद्दीत वाढलात, सहसा त्याच क्लबकडून खेळायचं. बाप खेळला, आजा खेळला, आता तुम्ही. क्लबचं आवार म्हणजे गावाची चावडी, लग्नाचा हॉल आणि तालीम, सगळं एकत्र. म्हणून ह्या खेळाला 'आपला' म्हणणाऱ्या माणसाचा खेळाशी संबंध प्रेक्षकाचा नसतो, घरच्याचा असतो. आणि जो घरचा नाही, त्याला बाहेरून ते आवार चांगलंच बंद दिसतं.

मग माणसं

उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. १९२१ मध्ये आयर्लंड बेट तोडलं गेलं. अल्स्टर प्रांतातल्या नऊपैकी सहा काउंटी ब्रिटनकडे राहिल्या, बाकीच्या २६ काउंटींचं पुढे प्रजासत्ताक झालं. सहा काउंटींमध्ये ढोबळमानाने दोन समाज. एक स्वतःला ब्रिटिश मानणारा, युनियनिस्ट, बहुतेक प्रॉटेस्टंट. दुसरा स्वतःला आयरिश मानणारा, नॅशनलिस्ट, बहुतेक कॅथलिक. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरात वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट घरात वाढलेले ४३.५ टक्के निघाले. म्हणजे आज दोघंही अल्पसंख्य.

गेलिक खेळ चालवणारी संस्था म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, सगळे तिला जीएए म्हणतात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि संस्था निघाली. पुढाकार मायकेल क्युसॅक नावाच्या शिक्षकाचा. तेव्हा अख्खं बेट इंग्रजांकडे होतं आणि क्रिकेट, रग्बी गावोगाव पसरत होते. आपले मातीतले खेळ मरून जातील ही भीती होती. पण हेतू निव्वळ खेळाचा कधीच नव्हता. ३२ काउंटींच्या आयर्लंडची राष्ट्रीय ओळख बळकट करणं हे आपलं मूळ ध्येय, असं जीएएच्या नियमपुस्तकात आजही छापलेलं आहे. २६ नव्हे, ३२. नकाशावर जी रेघ आहे, ती जीएएने आपल्या वहीत कधी ओढलीच नाही. डेरी शहराला 'लंडनडेरी' म्हणायचं की 'डेरी' यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली आहेत. जीएएच्या लेखी काउंटीचं नाव डेरीच.

युनियनिस्ट माणसाच्या जागी बसून बघा. रविवारी शेजारच्या मैदानावर हजारो लोक जमतात. परदेशाचा झेंडा फडकतो, त्या देशाचं राष्ट्रगीत होतं. मैदानांना आणि क्लबांना ज्यांची नावं आहेत, त्यांतले काही त्याच्या लेखी राजद्रोही, काही तर थेट खुनी टोळीतले. बेलफास्टचं केसमेंट पार्क रॉजर केसमेंटच्या नावाचं, ज्याला इंग्रजांनी १९१६ मध्ये फाशी दिलं. डंगिव्हनच्या हर्लिंग (काठी-चेंडूचा गेलिक खेळ) क्लबला केव्हिन लिंच ह्या उपोषणात मेलेल्या कैद्याचं नाव. नॅशनलिस्ट माणसाला हे हुतात्मे. एकाच पाटीकडे बघून एकाची मान ताठ होते, दुसऱ्याची खाली जाते.

मुंबईच्या जुन्या पंचरंगी क्रिकेटमध्ये संघच धर्मावर पाडलेले असत. इथे तसं काही लिहिलेलं नाही. जीएए धर्म विचारत नाही. उलट, ऑल-आयर्लंड फुटबॉलचा विजेता जो चषक उचलतो, तो सॅम मॅग्वायर कप एका प्रॉटेस्टंट माणसाच्या नावाचा आहे. हा सॅम कॉर्कचा, लंडनच्या पोस्टात नोकरीला होता आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धाचा नेता झालेल्या मायकेल कॉलिन्सला गुप्त क्रांतिकारी संघटनेत त्यानेच आणलं. पण कागदावर नसलेली भिंत शाळेत उभी राहते. उत्तर आयर्लंडमध्ये आजही दहापैकी नऊहून जास्त मुलं आपापल्या समाजाच्या शाळेत जातात. कॅथलिक शाळेत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग, दुसऱ्या शाळेत रग्बी, हॉकी, क्रिकेट. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या पोराच्या हातात हॉकीची स्टिक आहे की हर्लिंगची, यावरून त्याची शाळा कळते. शाळेवरून धर्म, धर्मावरून घरातलं मतदान. आपल्याकडे आडनाव जे काम करतं, ते तिथे एक लाकडी दांडा करतो.

जखमा दोन्हीकडच्या

२१ नोव्हेंबर १९२०. सकाळी डब्लिनमध्ये कॉलिन्सच्या माणसांनी ब्रिटिश गुप्तहेरांना त्यांच्या खोल्यांत गाठून गोळ्या घातल्या. दुपारी क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपररीची मॅच चालू असताना ब्रिटिश फौजा आत शिरल्या आणि त्यांनी गर्दीवर गोळीबार केला. १४ माणसं गेली. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगनही होता. क्रोक पार्कच्या मुख्य स्टँडला आज त्याचं नाव आहे. दर वर्षी विजेता कप्तान होगन स्टँडच्याच पायऱ्या चढून कप घेतो.

पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तीस वर्षं उत्तर आयर्लंड पेटलेला होता. सुमारे ३,५०० माणसं मेली. सीमेलगतच्या क्रॉसमग्लेनमध्ये ब्रिटिश सैन्याने क्लबच्या मैदानाचा तुकडा घेऊन तळ ठोकला होता, मॅच चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टर. १९८८ मध्ये एडन मॅकअनेस्पी हा २३ वर्षांचा तरुण क्लबच्या मॅचला जाताना ऑक्नाक्लॉयच्या चौकीवर सैनिकाच्या गोळीने मेला. त्या सैनिकाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरायला २०२२ साल उजाडलं. १९९७ च्या मे महिन्यात बेलाही गावच्या क्लबचे अध्यक्ष शॉन ब्राऊन रात्री क्लबचं फाटक बंद करत असताना लॉयलिस्ट, म्हणजे कट्टर ब्रिटनवादी, बंदूकधाऱ्यांनी त्यांना पळवून नेऊन मारलं. फाटकाला कुलूप लावणं हेच त्यांचं त्या रात्रीचं काम होतं. जीएएचा माणूस असणं एवढं कारण काही टोळ्यांना पुरत होतं.

दुसऱ्या बाजूची जखम एका नियमात होती. जीएएचा नियम क्रमांक २१ सांगायचा, की ब्रिटिश सैन्यातल्या किंवा उत्तर आयर्लंडच्या पोलिसांतल्या कुणालाही सभासद होता येणार नाही. जीएए म्हणायची, हे पोलीस आमच्या पोरांना चौकीवर तासन्‌तास उभं करतात, त्यांना आत कसं घेऊ? पण त्या पोलीसदलातली ३०० च्या आसपास माणसं आयआरएने, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, मारली होती, बहुतेक प्रॉटेस्टंट. त्यांच्या बायकापोरांनी हा नियम वाचला, तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की आमचा माणूस जिवंत असता तरी ह्यांनी फाटकातून आत घेतला नसता. ज्या नेत्याचे मतदार ही घरं होती, त्याने मॅचला जायचं म्हणजे काय, हे सांगायला नको.

पुढाऱ्याने चुकीच्या मॅचला जाऊन गुन्हा करण्याचा जुना नमुना मात्र गंमत म्हणजे जीएएच्याच घरातला आहे. एकेकाळी जीएएच्या सभासदाने सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे 'परके' खेळ खेळायचे नाहीत आणि बघायचेही नाहीत असा दंडक होता. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. धर्माने प्रॉटेस्टंट, पण आयरिश भाषा जगवण्यासाठी आयुष्य वेचलेले, जीएएचे मानाचे आश्रयदाते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष ह्या नात्याने आयर्लंड विरुद्ध पोलंड ही सॉकरची मॅच बघायला गेले. पुढच्याच महिन्यात जीएएने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. वय वर्षं ७८, देशाचा पहिला नागरिक, गुन्हा: मॅच बघितली. तो नियम गेला १९७१ मध्ये. तेव्हा ज्यांना वाटतं की मॅचला जाण्याचं हे अवघडलेपण फक्त युनियनिस्टांचंच आहे, त्यांनी हाइडसाहेबांना आठवावं.

कुलपं निघत गेली

१९९८ मध्ये शांतता करार झाला. त्यानंतर आधी हलली ती जीएए. नोव्हेंबर २००१ मध्ये नियम २१ रद्द झाला. त्याच महिन्यात जुनं पोलीसदल जाऊन नवं आलं होतं. पण मतदानाचा हिशेब बघा: उत्तरेतल्या सहापैकी पाच काउंटींनी नियम ठेवावा म्हणून मत दिलं, एकट्या डाऊनने विरोधात. ज्यांनी चौक्या सोसल्या, त्यांना क्षमा सगळ्यात जड गेली, आणि दक्षिणेने उत्तरेच्या वतीने उदार व्हायचं ठरवलं. मला हा तपशील फार बोलका वाटतो.

मग क्रोक पार्क. आपल्या मैदानावर इतर खेळ होऊ द्यायचे नाहीत हा नियम २००५ मध्ये शिथिल झाला, आणि २४ फेब्रुवारी २००७ रोजी होगन जिथे पडला त्या हिरवळीवर इंग्लंडचा रग्बी संघ उभा राहिला. इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं. सगळा देश श्वास रोखून बसला होता. मैदान शांत राहिलं, गीत पूर्ण झालं, आणि मग आयर्लंडने इंग्लंडला ४३-१३ असं धुतलं. पाहुण्याचा मान ठेवला आणि हिशेबही चुकता केला.

युनियनिस्ट बाजूचा सगळ्यात मोठा पक्ष म्हणजे डीयूपी, इयन पेझ्लींनी १९७१ मध्ये काढलेला. ह्या पक्षाचे क्रीडामंत्री एडविन पूट्स २००८ च्या सुरुवातीला न्युरीला डाऊनच्या मॅचला गेले, तीच मोठी बातमी झाली. पण खरा बदल एका अंत्ययात्रेत दिसला.

एप्रिल २०११. रोनन कर, वय २५, कॅथलिक, गावच्या जीएए क्लबचा सभासद, आणि नुकताच पोलिसात भरती झालेला. शांतता करार न मानणाऱ्या बंडखोरांनी त्याच्या गाडीखाली बाँब लावून त्याला मारलं. कॅथलिक पोरांनी पोलिसात जाऊ नये, हा संदेश. अंत्ययात्रेत क्लबच्या पोरांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि पुढे पोलिसांच्या खांद्यावर दिली. जीएएच्या खांद्यावरून पोलिसाच्या खांद्यावर. दहा वर्षांपूर्वी हीच दोन माणसं एका क्लबात बसू शकत नव्हती. चर्चमधल्या कॅथलिक प्रार्थनेला डीयूपीचे नेते आणि उत्तर आयर्लंडचे फर्स्ट मिनिस्टर पीटर रॉबिन्सन हजर होते, जे त्यांच्या पक्षात तोवर कल्पनेपलीकडचं होतं. सहा आठवड्यांनी राणी एलिझाबेथ क्रोक पार्कवर येऊन गेल्या.

जानेवारी २०१२ मध्ये रॉबिन्सन आर्माच्या मैदानावर पहिल्यांदा गेलिक फुटबॉल बघायला गेले. मॅकेना कपची फायनल, टिरोन विरुद्ध डेरी. सोबत डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस, एकेकाळचे आयआरएचे कमांडर. मॅकगिनेस डेरीचे पक्के चाहते, त्यामुळे शेजारी बसून नियम समजावून सांगायला माणूस आयताच मिळाला.

आता इथे वेळापत्रकाकडे बघायला हवं, कारण अशा भेटींचं खरं राजकारण वेळापत्रकातच असतं. मॅकेना कप ही हिवाळ्यातली सरावाची स्पर्धा. ती फायनल शनिवारी होती. शनिवार! कट्टर प्रॉटेस्टंट घरात रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी खेळ, करमणूक, दुकान सगळं वर्ज्य. एकेकाळी बेलफास्टच्या बागांतले लहान मुलांचे झोपाळेसुद्धा रविवारी साखळीने बांधून ठेवायचे. उलट जीएएचे मोठे सामने पूर्वापार रविवारीच, कारण शेतमजुराला सुट्टी तीच, आणि सकाळी चर्चला गेलेलं गाव दुपारी मैदानावर. त्यामुळे झेंडा आणि गीत बाजूला ठेवलं, तरी नुसता वार आडवा येतो. डीयूपीच्या नेत्याला आमंत्रण आलं, की कार्यालयात मनातल्या मनात प्रश्नांची यादी होत असणार: वार कोणता? मैदानाला नाव कुणाचं? सीमेच्या ह्या बाजूला की त्या? आणि राष्ट्रगीताच्या आधी पोचायचं, की ट्रॅफिकचं निमित्त करून नंतर?

फॉस्टर क्लोनिसला गेल्या, तेव्हा ह्यातला एकही सोपा पर्याय त्यांनी निवडला नाही. रविवार होता. मैदान सीमेच्या पलीकडे होतं. आणि त्या राष्ट्रगीताच्या आधी पोचल्या होत्या.

त्यांचं स्वतःचं आयुष्य माहीत असेल तर उभं राहण्याचं वजन कळतं. त्यांचं लहानपणचं घर फर्मानाच्या सीमाभागातलं, क्लोनिसपासून फार दूर नाही. वडील शेतकरी आणि अर्धवेळ पोलीस. १९७९ मध्ये आयआरएने त्यांना घराच्या आवारातच गोळ्या घातल्या. ते वाचले, पण कुटुंबाला ते घर सोडावं लागलं. १९८८ मध्ये अर्लीन ज्या शाळेच्या बसमध्ये होत्या, तिच्याखाली बाँब फुटला, कारण चालक सैन्याच्या स्थानिक दलातला होता. अशा बाईला हे राष्ट्रगीत कसं ऐकू येत असेल?

पण फर्माना त्यांची होती. एवढाच दोर हाती होता, आणि तो त्यांनी धरला. मी आयरिश झाले असं न म्हणता, माझ्या काउंटीची फायनल आहे असं म्हणता येत होतं. काउंटी ही गोष्ट मोठी सोयीची आहे. देश कोणता यावर भांडण असलं, तरी गाव कोणतं यावर नसतं. स्टँडमधल्या लोकांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. कट्टर धार्मिक गोटातून रविवारवरून कुरकुर झालीच. आणि फर्माना हरली.

उलटी वाट

हा रस्ता एकतर्फी नाही. बेलफास्टच्या विंडसर पार्कवर उत्तर आयर्लंडचा सॉकर संघ खेळतो, आणि तिथे ब्रिटनचं राष्ट्रगीत होतं. बऱ्याच कॅथलिकांना ते मैदान पिढ्यान्‌पिढ्या परकं वाटत आलं. २००२ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचा नील लेनन, कॅथलिक, त्या मैदानावर संघाचं नेतृत्व करणार होता. मॅचआधी काही तास त्याला जिवे मारण्याची धमकी आली. तो खेळला नाही, पुन्हा कधीच उत्तर आयर्लंडकडून खेळला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेन ह्या नॅशनलिस्ट पक्षाच्या मिशेल ओ'नील फर्स्ट मिनिस्टर झाल्या, ह्या पदावर बसलेल्या पहिल्या नॅशनलिस्ट. त्यांचे वडील आयआरएचे कैदी होते. पद घेतल्याला महिनाही झाला नव्हता, आणि त्या विंडसर पार्कवर महिलांच्या मॅचला गेल्या. 'गॉड सेव्ह द किंग' वाजलं, आणि त्या उभ्या राहिल्या. फॉस्टर जशा क्लोनिसला, तशाच. थोड्याच दिवसांत डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली, पश्चिम बेलफास्टच्या एका जीएए क्लबात गेल्या आणि मुलींसोबत कमोगी, म्हणजे बायकांचं हर्लिंग, खेळून पाहिलं. फोटो सुंदर आले. त्यावर दोन्हीकडच्या जाणकारांनी शंका घ्यायची ती घेतलीच.

शंका घेणाऱ्यांचं चुकत नाही. स्टँडमध्ये येऊन बसण्यात पुढाऱ्याचं काही जात नाही. फॉस्टर क्लोनिसला गेल्या त्या दिवशी उत्तर आयर्लंडची विधानसभा दीड वर्ष बंद पडून होती, आणि मॅचनंतर आणखी दीड वर्ष बंदच राहिली. बंद पडण्याची कारणं बरीच, पण ती उघडण्याच्या वाटेत आयरिश भाषेच्या कायद्याची मोठी धोंड होती. त्या मागणीबद्दल ह्याच फॉस्टर बाई २०१७ मध्ये म्हणाल्या होत्या, की मगरीला खायला घातलं तर ती आणखी मागायला येते. म्हणजे खेळ बघायला होकार, भाषेला नकार. केसमेंट पार्कचं तसंच. २०११ मध्ये सरकारने तीन स्टेडियमना पैसे द्यायचं ठरवलं: रग्बीचं झालं, सॉकरचं झालं, जीएएचं केसमेंट २०१३ मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. आधी शेजाऱ्यांच्या हरकती आणि कोर्टकचेऱ्या, मग वाढता खर्च, मग जादा पैसे कुणी द्यायचे यावर ओढाताण. २०२८ च्या युरो स्पर्धेचे सामने तिथे व्हायचे होते, तेही हातचे गेले.

तरीही मी ह्या भेटींना नाटक म्हणून निकालात काढणार नाही. ज्या समाजात शेजाऱ्याच्या मैदानाच्या फाटकातून कुणी आत जात नव्हतं, तिथे पुढारी गेला की बाकीच्यांना निदान एक सबब मिळते. शेजारच्या बाईने मॅचला बोलावलं तर 'आमच्यात जात नाहीत' हे उत्तर आता तितकं सरळ देता येत नाही.

मे २०२० मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, पूर्व बेलफास्टमध्ये कुणीतरी ट्विटरवर विचारलं, की इथे गेलिक खेळांचा क्लब काढायचा का? पूर्व बेलफास्ट म्हणजे टायटॅनिक बांधणाऱ्या गोदीचा, प्रॉटेस्टंट कामगारांचा बालेकिल्ला. बघता बघता शेकडो माणसं आली, दोन्ही समाजांची. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी हा चेंडू हातात धरला नव्हता. अध्यक्ष म्हणून लिंडा अर्विन ह्यांना बोलावलं, ज्या स्वतः प्रॉटेस्टंट आणि पूर्व बेलफास्टमध्ये आयरिश भाषा शिकवतात. क्लबच्या बोधचिन्हात गोदीच्या पिवळ्या क्रेन आहेत, आयर्लंडचं शॅमरॉक आहे आणि स्कॉटलंडचं काटेफूलही. खाली 'एकत्र' हा एकच शब्द, आयरिश, इंग्रजी आणि अल्स्टर स्कॉट्स अशा तीन भाषांत.

पहिल्याच उन्हाळ्यात सरावाच्या मैदानावर बाँबसारख्या वस्तू ठेवलेल्या सापडल्या. बाँबशोधक पथक आलं, तपासलं, खोट्या निघाल्या. मग पोरं परत सरावाला लागली. चार पावलं, मग आपटा नाहीतर चवड्यावर घ्या. नवशिक्यांना हे पाचव्या पावलाचं भान यायला बराच वेळ लागतो.